बिल भरले, आता घर कसे चालवायचे?

आजारी माणूस दवाखान्यातून घरी आला की भेटायला येणारे हमखास विचारतात, "बिल किती झाले?" घरचा माणूस एक आकडा सांगतो. तो आकडा खोटा नसतो, पण अर्धाच असतो. खिडकीवर पावती फाडून जे भरले तेवढेच त्यात असते. त्याआधी तीन डॉक्टर बदलले त्यांची फी, रिक्षा, सोबत राहिलेल्या दोघांचा चहा-वडापाव, बुडालेले रोज, घरी आल्यावर महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्या आणि या सर्वांसाठी उचललेल्या पैशाचे व्याज, हे कोणीच मोजत नाही. मी वाणिज्य शाखा शिकलो, कारकुनी करतो. त्यामुळे वहीत जे लिहिले गेले नाही त्याकडे माझे लक्ष आधी जाते. गोरगरिबाचे घर मोडते ते बहुधा याच न लिहिलेल्या खर्चाने.

शेणवा, किन्हवली, डोळखांब या पट्ट्यातील आपल्या लोकांचे पोट कशावर चालते ते वाचकांना ठाऊक आहे. पावसाळ्यात भातलावणी, मग वीटभट्टी, बांधकाम, आसनगाव-वासिंदकडच्या कारखान्यांत कंत्राटी काम, भिवंडीची गोदामे. थोडेफार लोक नोकरीत. बाकीच्यांचे ज्या दिवशी काम त्या दिवशी दाम. अशा घरातला कर्ता माणूस आठ दिवस अंथरुणावर पडला, तर डॉक्टरला एक पैसा न देताही आठ दिवसांची कमाई गेलेली असते. त्याच्या उशाशी बसायला बायको किंवा मुलगा लागतो, म्हणजे दुसराही रोज गेला.

त्यात अंतर. साध्या आजाराला शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आहे. पण तेथून "पुढे न्या" अशी चिठ्ठी मिळाली की आसनगाव स्टेशन, लोकल, आणि कळव्याच्या रुग्णालयात जायचे तर कल्याणला किंवा ठाण्याला गाडी बदलणे आले. त्याहून मोठे दुखणे असेल तर सायन, परळ. मुंबईची तहान आमच्या तालुक्यातील तानसा आणि भातसा भागवतात. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जाते आहे. पाणी नळाने बिनबोभाट पोहोचते, आमचा पेशंट मात्र लोकलच्या दारात उभा राहून जातो.

आता आकड्यांकडे वळू. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०१७-१८ साली देशभर घरोघर जाऊन आजारपणाच्या खर्चाची माहिती गोळा केली. त्यात ग्रामीण भागातील एका वेळच्या दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये आणि खासगी रुग्णालयात २७,३४७ रुपये निघाला. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०१ रुपये होती. भागाकार करून पाहा. सरकारी रुग्णालयातील एक आजारपण म्हणजे २१ दिवसांची मजुरी, खासगीतील म्हणजे १३६ दिवसांची. कायद्याने तेव्हा हमी होती वर्षाला १०० दिवसांच्या कामाची. याचा अर्थ असा की घरातील एक माणूस एकदाच खासगी दवाखान्यात झोपला, तर वर्षभराची हमी पूर्ण मिळूनही ती त्या बिलाला पुरत नव्हती. खाणे-पिणे, मुलांची वह्या-पुस्तके, लग्नकार्य यांचा तर विचारच सोडा.

औषध महाग, मजुरी स्वस्त

औषधांच्या किमतीचे गणितही पाहण्यासारखे आहे. अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती सरकार ठरवते. त्या दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढवण्याची कंपन्यांना मुभा असते. १ एप्रिल २०२२ पासून ही मुभा १०.७६ टक्के होती आणि १ एप्रिल २०२३ पासून १२.१२ टक्के. दोन्ही वाढी एकावर एक चढवल्या तर १०० रुपयांची गोळी १२४ रुपयांपर्यंत जाऊ शकत होती. याच काळात महाराष्ट्रातील रोजगार हमीची मजुरी २४८ वरून २७३ रुपयांवर गेली, म्हणजे १०० ला ११० सुद्धा जेमतेम. मजुरीच्या मागे औषध धावले असते तर हरकत नव्हती. येथे औषध पुढे आणि मजुरी मागे अशी शर्यत आहे.

सरकारने मनावर घेतले तर भाव खाली येतात, हेही सांगितले पाहिजे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचा औषधी स्टेंट पूर्वी सरासरी १ लाख २१ हजार रुपयांच्या छापील किमतीला विकला जाई. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याची किंमतही बांधली. दुकाने बंद पडली नाहीत, कंपन्या देश सोडून गेल्या नाहीत. मग आधीची जादा रक्कम कोणाच्या खिशात जात होती?

त्याचे थोडेसे उत्तर महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी दिले आहे. कोकणातील विंचूदंशावर प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी कशी जीव वाचवते हे याच डॉक्टरांनी ग्रामीण भागात राहून दाखवून दिले. २०१३ साली त्यांना एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. कशाबद्दल? तर पेशंट तपासणीला पाठवल्याबद्दल. डॉक्टरांनी तो मुकाट्याने वटवला नाही, वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. पेशंटच्या बिलात हे १,२०० रुपये वेगळे छापलेले नसतात. ते तपासणीच्या किमतीतच मिसळलेले असतात. सगळेच डॉक्टर असे असतात असे मुळीच नाही. रात्री दोन वाजता दार उघडून फी न घेणारे डॉक्टरही याच भागात मी पाहिले आहेत.

पाच लाखांचे कार्ड आणि रोजची गोळी

आता कोणी म्हणेल, सरकारने पाच लाखांचा विमा दिला आहे, मग रडगाणे कशाला? योजना चांगली आहे, तिचा उपयोग झालेली घरे माझ्या माहितीत आहेत. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान योजना तिला जोडली गेली. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मर्यादा पाच लाख करण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना सामावून घेण्याचा निर्णय घेतला, त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली.

पण ही योजना दाखल झालेल्या पेशंटची, तीही ठरलेल्या यादीतील उपचारांची. ज्याला साखर आणि रक्तदाब आहे तो खाटेवर झोपत नाही, कामावर जातो. त्याला रोज गोळ्या लागतात, आयुष्यभर. तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते. या खर्चाला पाच लाखांतला एक रुपया लागू होत नाही. मग तो काय करतो? महिनाअखेरीस पैसे संपले की एक दिवसाआड गोळी घेतो. "बरे वाटतेय" म्हणून बंदच करतो. दोन-चार वर्षांत मूत्रपिंड बिघडते, पक्षाघात होतो किंवा छातीत कळ येते, आणि तेव्हा कुठे तो योजनेत बसतो! पन्नास पैशांच्या जागी पाच लाख खर्च करणारी ही तऱ्हा कोणत्या हिशेबात बसते ते मला आजवर कळलेले नाही.

एक घर सांगतो, नाव-गाव सांगत नाही. घरचे म्हातारे अठ्ठावन्न वर्षांचे, रक्तदाबाच्या गोळ्या सोडलेल्या. रात्री छातीत दुखू लागले म्हणून मुलाने गाडी करून कल्याणच्या बाजूला एका खासगी रुग्णालयात नेले. तेथे योजना लागू होती. पण रात्री आरोग्यमित्राच्या टेबलावर कोणी नव्हते, आणि खिडकीवरच्या माणसाने आधी ५० हजार अनामत मागितली. सकाळी कार्ड दाखवले तर शिधापत्रिकेवर म्हाताऱ्यांचे घरात हाक मारायचे नाव, आधार कार्डावर शाळेतले. दुरुस्तीला तालुक्याला खेपा घालाव्या लागल्या, तोवर बिल भरून झाले होते. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. मुलाला मी म्हटले, आधी फोन का केला नाहीस? तो म्हणाला, "भाऊ, बापाला वाचवू की कागद शोधत बसू?" यावर मी काय बोलणार?

म्हातारे वाचले, हे महत्त्वाचे. दुभती म्हैस गेली. बायकोच्या बचत गटातून कर्ज झाले आणि वरचे ४० हजार शेकडा पाचने एकाकडून उचलले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला २,००० रुपये नुसते व्याज, वर्षाला २४,०००. मुद्दल तेथेच. म्हैस गेल्याने दुधाचे रोजचे पैसे थांबले, त्याचा आकडा कुठल्याच बिलात नाही. थोरली नात बारावीला होती. तिने परीक्षेचा अर्ज भरला, पण क्लास सोडला आणि दुपारी घरी आजोबांजवळ बसू लागली.

घरात कोणाचे दुखणे आधी?

या पानावर बायका अधिक वाचतात म्हणून हे वेगळे लिहितो. औषध महाग झाले की घराघरांत न बोलता एक क्रम लागतो. आधी कमावता पुरुष, मग मुलगा, मग मुलगी, मग म्हातारे आणि सर्वांत शेवटी घरची बाई. तिला कोणी अडवत नाही, ती स्वतःच म्हणते, "मला काय धाड भरली आहे!" अंगावरून जाणे, कंबरदुखी, रक्त कमी असल्याने लागणारी धाप, छातीतील न दुखणारी गाठ, ही दुखणी ती वर्षानुवर्षे पदराखाली ठेवते. न दुखणाऱ्या गाठीचेच भय अधिक असते. ती गाठ लहान असताना शहापूरच्या सरकारी रुग्णालयात दाखवली तर एका दिवसाचा रोज बुडतो. उशिरा कळली तर परळच्या टाटाला खेपा. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्याला आसरा देते, रेल्वे भाड्यात सवलत देते, तरी महिनोन्‌महिने घर उघडे पडते.

भाड्याच्या बाबतीत बायकांना एक सोय झाली आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत त्यांना अर्धे तिकीट आहे. बाळंतपणासाठी तर २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन लागले तर तेही, औषधे, रक्त, तपासण्या, जेवण आणि घरून नेणे-आणणे फुकट आहे. आशाताईला विचारा, १०२ ची गाडी मागवा. तरीही लेकीचे पहिले बाळंतपण खासगीत केले पाहिजे अशी हौस आपल्याकडेही शिरली आहे. ती हौस कर्ज काढून होते, हे वाईट.

आणखी एक चोरखर्च आहे, तो कबूल करायला लोक लाजतात. साप चावला, मूल सुकत चालले, ताप उतरेना की काही जण अजून भगताकडे जातात. कोंबडे, नारळ, दक्षिणा आणि त्याहून महाग पडणारे दोन तास. सापाच्या विषावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत असते, कुत्रा चावल्यावरचीही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला औषधोपचारापासून रोखणे हा गुन्हा ठरवला आहे. आपल्या घरांत हे बंद झाले आहे असे आपण सभेत सांगतो. घरोघर फिरल्यावर चित्र थोडे वेगळे दिसते.

पगारातून कापलेले ११३ रुपये

बुडालेला रोज भरून देणारी एक व्यवस्था या देशात आहे आणि तिचा विचार झाला तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते, हे आपल्या तरुणांना सांगावे लागते. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे होते. त्यांनी आपला अहवाल १९४४ मध्ये दिला. त्याच पायावर पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. लोक ज्याला ईएसआय म्हणतात तो हाच. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामील झाला आहे, योजना मात्र चालू आहे.

हिचे वेगळेपण काय? २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. पगार १५,००० असेल तर कामगाराचे ११३ रुपये आणि मालकाचे ४८८. त्याबदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतात, बाहेरच्या बाह्यरुग्ण तपासणीसह. शिवाय आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के रोज मिळतो. क्षयासारख्या लांबलचक आजारात त्याहून जास्त दिवस आणि ८० टक्के. घर मोडते ते बुडालेल्या रोजाने, हे या योजनेने पाऊणशे वर्षांपूर्वी ओळखले. नंतरच्या कोणत्याही मोठ्या योजनेने ते ओळखले नाही.

पण ज्याच्यासाठी हे केले तो कामगार आज कंत्राटदाराकडे आहे. आसनगाव, वासिंद, मुरबाडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलांना माझी विनंती आहे, पगाराची चिठ्ठी मागा. कपात होत असेल तर दहा आकडी विमा क्रमांक मागा. पैसे कापून क्रमांक दिला जात नसेल तर ती चोरी आहे आणि तक्रार करता येते. क्रमांक असेल तर घरच्यांची नावे त्यात घातली आहेत का ते बघा. उल्हासनगर, ठाणे, मुलुंडची कामगार रुग्णालये ओसाड पडली, रंग उडाला, डॉक्टर कमी, ही ओरड खरी आहे. पण हक्क सोडून दिल्याने ती सुधारणार नाहीत.

ऐपत नाही म्हणून कोणी परत जाऊ नये

१९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने म्हटले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून या देशात कोणीही वैद्यकीय उपचारांवाचून राहता कामा नये. पुढे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक ठरले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू असे लिहिले. सरकारच्याच हिशेबाप्रमाणे २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता, आणि त्या वर्षीच्या एकूण आरोग्यखर्चातील शंभरपैकी ३९ रुपये लोकांनी थेट आपल्या खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये हे ६४ रुपये होते, म्हणजे सुधारणा आहे. पण ज्याच्या खिशातच शंभर नाहीत त्याला ३९ सुद्धा डोंगराएवढे.

पैशाअभावी सरकारी खाटच नसेल तर काय होते? बंगालमध्ये जुलै १९९२ मध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले. शेवटी खासगीत सुमारे १७ हजार रुपये खर्च करून तो वाचला. त्याच्या शेतमजूर संघटनेने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. १९९६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की वेळेवर उपचार न देणे म्हणजे जीविताच्या हक्काचा भंग, पैशाची अडचण ही सबब चालणार नाही. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. आमच्या रेल्वेमार्गावर असे अपघात रोजचे आहेत, म्हणून हा निकाल मी मुद्दाम सांगतो.

आणि तरी ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ पेशंट दगावले. पाचशे खाटांचे ते रुग्णालय, ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची इमारत नव्याने बांधण्यासाठी रिकामी केलेली, त्यामुळे शहापूर-मुरबाडपासूनचा सगळा लोंढा तेथे. त्यांतले काही जण खासगीत पैसे संपल्यावर अगदी शेवटच्या घटकेला आणलेले होते, असे तेव्हा सांगण्यात आले. पैसे संपल्यावर! म्हणजे आधी घर रिकामे आणि मग सरकारी दवाखाना. क्रम उलटा हवा, पण तो उलटा होण्यासाठी गावाजवळच्या केंद्रात डॉक्टर आणि औषध दोन्ही हवेत.

हे जमते का? थायलंड हा काही श्रीमंत देश नव्हे. आपल्यासारखाच भातपिकाचा, बुद्धाला मानणारा देश. तेथे २००२ मध्ये देशभर योजना आली, दवाखान्यात एका खेपेला ३० बाथ, म्हणजे तेव्हाचे आपले सुमारे ३५ रुपये. बाकीचा खर्च कराच्या पैशातून. त्यांनी जोर दिला तो तालुक्याच्या आणि गावच्या दवाखान्यांवर. माणसाने आधी तेथे जायचे, गरज असेल तरच वर. श्रीलंकेत सरकारी रुग्णालयात फी घेण्याची पद्धत कित्येक दशकांपूर्वीच बंद झाली. घानामध्ये आधी पैसे, मग औषध अशी रीत होती, ती मोडण्यासाठी २००३ मध्ये आरोग्य विम्याचा कायदा करावा लागला. गरीब देशांना हे परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी या तीन देशांचे नकाशे समोर ठेवावेत.

आपल्याकडेही एक मोठा निर्णय झाला आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. केसपेपरपासून तपासणीपर्यंत. प्राथमिक आरोग्य केंद्र, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, ठाण्याचे जिल्हा रुग्णालय यांत ते बसते. कळवा, सायन, केईएम ही महापालिकांची, जेजे वैद्यकीय शिक्षण खात्याचे, त्यामुळे तेथे हा नियम लागू नाही, फी थोडी पडते. "औषध संपले, बाहेरून आणा" अशी चिठ्ठी सरकारी केंद्रात मिळाली तर ती फाडू नका. तारीख घालून जपून ठेवा. प्रत्येक केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, ग्रामसभा असते. अशा वीस चिठ्ठ्या एकत्र टेबलावर ठेवल्या की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. तोंडी तक्रारीला कोणी दाद देत नाही, हा माझा अनुभव.

खासगीत जावेच लागले तर तीन गोष्टी. २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांप्रमाणे रुग्णालयाने दरांचा फलक दर्शनी लावायचा आहे. तो वाचा, नसेल तर विचारा. दुसरे, योजनेतील रुग्णालय असेल तर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा किंवा १५५३८८ वर फोन करा. तातडीच्या वेळी फोनवरूनही मंजुरी घेण्याची सोय आहे, कागद मागून देता येतात. तिसरे, मोठी पुष्कळ रुग्णालये धर्मादाय ट्रस्टची आहेत. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या आहेत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तेथे समाजसेवा अधिकारी असतो, त्यालाच भेटायचे, खिडकीवर नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर स्त्रीच्या मृत्यूनंतर दहा लाखांच्या अनामतीचा आरोप झाला, तेव्हा अशा रुग्णालयांनी तातडीच्या पेशंटकडून अनामत मागू नये अशी ताकीद पुन्हा देण्यात आली.

या सगळ्याला लागतात ते कागद. शिधापत्रिकेत नव्या सुनेचे नाव चढवलेले नसते, लहान मुलांची नावे राहिलेली असतात, म्हाताऱ्यांचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे असते. सासरी आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला आणावा लागतो, तेव्हाच इकडे चढते. पेशंट गाडीत घालताना हे होत नाही. शेणवा परिसरातील ज्यांना अडचण आहे त्यांनी रविवारी सकाळी विहारात शिधापत्रिका, सर्वांची आधार कार्डे आणि असल्यास उत्पन्नाचा दाखला घेऊन यावे. झेरॉक्स नकोत, मूळ कागद आणावेत. घरात साखर किंवा रक्तदाबाचा पेशंट असेल तर त्याची चालू गोळ्यांची पट्टीही सोबत आणावी, त्यातल्या कोणत्या गोळ्या शहापूरला मोफत मिळतात ते आम्ही लिहून देऊ. भात कापणीला लागण्याआधी आलात तर बरे, नंतर कोणालाच सवड नसते.